मावशी म्हणाल्या होत्या



गेल्या दोन अंकांत हे सदर प्रसिद्ध होऊ शकले नाही. काहींनी आपुलकीने चौकशी केली, काहींना कारण ठाऊक होते. डिसेंबरात माझे वडील नागपुरात न्यूमोनियाने गंभीर आजारी पडले आणि तेथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात १९ दिवस होते. ते वाचले. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील तिकडे आहेत आणि अवेळी वाजणाऱ्या फोनची धास्ती काय असते हे मी आपणांस समजावून सांगावे असे नाही. मला लिहायचे आहे ते त्या आजाराविषयी कमी आणि त्या १९ दिवसांतील एका संध्याकाळविषयी अधिक. त्या संध्याकाळी एका बाईंनी एक वाक्य अगदी वेळेवर उच्चारले होते, आणि ते ऐकून न घेणाऱ्यांत मीही होतो.

पहिल्या आठवड्यात मला निघता आले नाही. पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपलेली, देशाबाहेर पडलो तर परत येण्यासाठी वकिलातीत नव्याने मुलाखत, तिची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. या अडचणीचे स्पष्टीकरण येथील वाचकांना नको. तिकडे सारा भार ताईवर होता. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने रजा टाकली आणि अतिदक्षता विभागाबाहेरच्या मार्गिकेत, इतर नातेवाइकांप्रमाणे, चटई अंथरून मुक्काम ठोकला. दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास आत सोडत. मी येथे टेक्सासात साडेअकरा तास मागे.

मग मला जे येते ते मी केले. एक तक्ता तयार केला. सर्व्हरांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणाली लिहिणे हे माझे पोटापाण्याचे काम. आकडा कुठे घसरला, कुठे चढला, धोक्याची घंटा केव्हा वाजावी, यातच माझे दिवस जातात. ताई भेटीच्या वेळी, आणि एरवी एखाद्या सिस्टरांच्या सौजन्याने, बाबांच्या खाटेजवळील मॉनिटरचे छायाचित्र पाठवी. त्यावरील नाडीचे ठोके, रक्तदाब, श्वसनाची गती आणि प्राणवायूची संपृक्तता मी तक्त्यात भरी. चौथ्या दिवसापर्यंत माझ्याकडे चार देखण्या आलेखरेषा जमल्या होत्या. खरे सांगायचे तर त्या रेषांचा मला आधार वाटत होता. आपण काहीतरी करीत आहोत, असे वाटत होते.

चौथ्या दिवसाची संध्याकाळ. नागपुरात सहा वाजले होते, माझ्याकडे सकाळचे साडेसहा. ताई भेटीसाठी आत गेली तेव्हा तेथील मावशी बाबांच्या खाटेवरील चादर बदलत होत्या. महाराष्ट्रातील रुग्णालयांत मावशी कोणाला म्हणतात हे आपण जाणतोच. रुग्णाचे अंग पुसणारी, त्याचे मलमूत्र उचलणारी, फरशी पुसणारी, कंत्राटदाराकडून महिन्याच्या बोलीवर आलेली बाई. मावशी सिस्टरांना म्हणाल्या, "सिस्टर, बाबाचे ओठ सकाळच्यासारखे नाही दिसून रायले. अन् हात सारखे चादरीवर चालले आहेत त्यांचे." सिस्टरांनी पाहिले, निवासी डॉक्टरांना सांगितले. डॉक्टर तरुण होते, सकाळपासून उभे होते, त्यांच्याकडे नुकताच एक नवा रुग्ण आला होता. त्यांनी मॉनिटरकडे नजर टाकली. प्राणवायू ९३. ठीक आहे, म्हणाले, आणि गेले.

ताईने बाहेर येऊन मला फोन लावला. मी तक्ता उघडला. मागील चोवीस तासांत आकडा ९२ ते ९४ यांच्या दरम्यान होता.

"ओठांचं कोण म्हणालं?" मी विचारले.

"मावशी."

"मावशी म्हणजे?"

"अरे, सफाईच्या मावशी."

"ताई, आकडा स्थिर आहे. त्यांचं काय ऐकत बसतेस?"

हे माझे शब्द आहेत. ताईने ते पुढे कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून मीच येथे लिहून ठेवतो. सुदैवाने तिने माझे ऐकले नाही. ती पुन्हा दारापाशी गेली, सिस्टरांना बाहेर बोलावले आणि विचारले की, हा आकडा बरोबर आहे की नाही हे पाहण्याचा दुसरा काही मार्ग असतो का? असतो. मनगटातील धमनीतून रक्त घेऊन त्यातील प्राणवायू थेट मोजता येतो. सिस्टर पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. या वेळी त्या तेथून हलल्या नाहीत. नमुना घेतला गेला. बोटावरील चिमटा ९३ सांगत होता तेव्हा प्रत्यक्ष रक्तातील संपृक्तता ८५ होती. त्यानंतर दीड तासात बाबांच्या श्वासनलिकेत नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर घेण्यात आले. वरिष्ठ डॉक्टर ताईला नंतर म्हणाले की, रात्रभर हे असेच चालू राहिले असते तर पहाटे धावपळीत नळी घालावी लागली असती, आणि अशा धावपळीत हृदय बंद पडण्याचा धोका मोठा असतो.

बोटाला लावायचा हा चिमटा, पल्स ऑक्सिमीटर, कोविडच्या साथीपासून आपल्या घराघरांत आहे. त्यामागील युक्ती जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी शोधली. एक तांबडा प्रकाश आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटातून आरपार सोडायचा. प्राणवायूने भरलेले रक्त आणि प्राणवायू नसलेले रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, त्या प्रमाणावरून संपृक्तता ताडायची. सुई नाही, वेदना नाही, उत्तर क्षणार्धात. अतिदक्षता विभागाचे रूप पालटून टाकणारा हा शोध आहे आणि त्याने किती प्राण वाचवले असतील याची गणती नाही. मात्र ताडायची हा शब्द ध्यानात ठेवावा. यंत्र संपृक्तता मोजत नाही, ती अनुमानाने सांगते. अमुक प्रमाण आले तर अमुक संपृक्तता, हे कोष्टक निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग करून आधी तयार केलेले असते. ते स्वयंसेवक बहुतांशी उजळ त्वचेचे असतील तर कोष्टकही त्यांचेच होते. त्वचेतील रंगद्रव्य प्रकाश शोषते, आणि ज्याच्या त्वचेत ते अधिक त्याच्याबाबत अनुमान चुकण्याचा संभव अधिक.

ही शंका जुनी आहे, पण तिच्याकडे जगाचे लक्ष गेले ते डिसेंबर २०२० मध्ये. मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्या वेळी चिमटा ९२ ते ९६ असा निर्धास्त आकडा दाखवीत होता, त्या वेळी धमनीतील संपृक्तता प्रत्यक्षात ८८च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के निघाले आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. जवळजवळ तिप्पट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३च्या मार्गदर्शनानुसार अशा यंत्राच्या चाचणीत गडद त्वचेच्या किमान दोन व्यक्ती किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढ्या व्यक्ती घेतल्या की पुरे होत असे. दोन व्यक्ती! जगातील गडद त्वचेच्या समस्त माणसांचे प्रतिनिधित्व दोघांनी करायचे. या प्रशासनाने २०२१ मध्ये सावधगिरीची सूचना काढली आणि जानेवारी २०२५ मध्ये अधिक कडक चाचण्यांचा मसुदा पुढे ठेवला. ज्या यंत्रांचा आकडा आज आपल्या बोटावर उमटतो, ती बहुतेक जुन्या कसोटीला उतरलेली आहेत.

माझ्या वडिलांचा रंग चांगलाच काळा आहे. आमच्या घरात हा थट्टेचा आणि अभिमानाचा विषय. पण त्या संध्याकाळचा दोष केवळ त्वचेच्या रंगावर टाकणे योग्य होणार नाही. त्यांचे हात थंड पडले होते, बोटांतील रक्तप्रवाह मंदावला होता, आणि अशा स्थितीत कोणत्याही रंगाच्या माणसाचा आकडा भरकटू शकतो. नेमके काय घडले ते सांगता येत नाही, असे वरिष्ठ डॉक्टरांनी मला पुढे प्रामाणिकपणे सांगितले. मला ते पटले. माझी चूक यंत्राच्या चुकीहून वेगळी होती. यंत्राला निदान ओठांविषयी कोणी काही सांगितले नव्हते. मला सांगितले होते.

मावशींना काय दिसले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. काळ्या माणसाच्या ओठांवरील निळसर छटा ओळखणे सोपे नसते, जिभेकडे आणि हिरड्यांकडे पाहावे लागते. परंतु त्या बाईंनी चार सकाळी ते तोंड ओल्या कापसाने पुसले होते. त्यांच्याजवळ कोष्टक नव्हते, तुलना होती, आणि तीही इतर कोणाशी नसून याच माणसाच्या कालच्या चेहऱ्याशी. शिवाय चादर चाचपणारे हात. मेंदूला प्राणवायू अपुरा पडू लागला की माणूस अस्वस्थ होतो, भांबावतो. हे पाठ्यपुस्तकात आहे, आणि मावशींनी ते पुस्तक न उघडता वाचले होते.

येथे मला भाबडेपणा करायचा नाही. मावशींचे म्हणणे प्रत्येक वेळी खरे निघेल असे नव्हे, आणि अखेरचा निर्णय प्रयोगशाळेतील यंत्रानेच दिला. मुद्दा एवढाच की, खाटेपाशी उमटलेली शंका त्या यंत्रापर्यंत पोहोचली पाहिजे. मावशींकडून सिस्टरांकडे, सिस्टरांकडून निवासी डॉक्टरांकडे, त्यांच्याकडून वरिष्ठांकडे, असा तिचा जिना. बाबासाहेबांनी आपल्या समाजरचनेचे जे निदान केले त्यातील श्रेणीबद्ध विषमता ही संज्ञा आपण सभा-संमेलनांत सहज उच्चारतो. तिचा एक व्यावहारिक परिणाम मला त्या आठवड्यात कळला. अशा रचनेत आज्ञा वरून खाली फार वेगाने येतात, आणि माहिती खालून वर जाताना प्रत्येक पायरीवर तिला विचारले जाते, तू कोण? जो आजाऱ्याच्या सर्वांत जवळ, त्याचा शब्द सर्वांत हलका. अतिदक्षता विभागात ही व्यवस्था अन्याय्य आहे एवढेच म्हणून भागत नाही, ती रुग्णाच्या जिवावर बेतते.

आणि तू कोण हा प्रश्न विचारणारा मी कोण? माझी आजी, बाबांची आई, भंडारा जिल्ह्यातील एका सरकारी दवाखान्यात आया होती. एका बाळंतिणीच्या अंगाखालची चादर रक्ताने भिजू लागल्याचे तिने सर्वांत आधी पाहिले, आणि तुला काय कळते म्हणून तिला गप्प बसवण्यात आले, ही गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा सांगितली गेली आहे की मला ती शब्दशः पाठ आहे. ती बाळंतीण दगावली. आजीच्या त्या अपमानावर आमच्या घराने दोन पिढ्यांचे शिक्षण उभे केले. त्या शिक्षणाच्या शेवटच्या टोकाला अमेरिकेतील पदव्युत्तर पदवी घेऊन बसलेल्या नातवाने एका मावशींविषयी हुबेहूब तेच वाक्य उच्चारले. त्याला तसे करण्यास कोणी भाग पाडले नव्हते. समोर एक स्वच्छ, नीटनेटका तक्ता होता, एवढेच.

अतिदक्षता विभागाचा जन्म कसा झाला हे मी या काळात वाचले. १९५२च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येऊ लागले, आणि तेथे शरीराला पेटीत ठेवून श्वास देणारे यंत्र एकच होते. छातीभोवती बसवायची लहान यंत्रे सहा होती. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावण्यात आले. शस्त्रक्रियागृहाबाहेर भूलतज्ज्ञाचे काय काम, असा तो काळ. बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवण्यात आली आणि त्याने रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. ती जगली. मग प्रत्येक रुग्णामागे एक पिशवी आणि पिशवी दाबायला एक माणूस हवा झाला. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून कित्येक महिने खाटांशी बसले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले, आणि पुढील वर्षी इब्सेनने अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. म्हणजे अतिदक्षता विभागाचे पहिले उपकरण माणसाचा हात होता, आणि तो हात ज्याचा होता तो रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत बसलेला होता. यंत्रे नंतर आली. ती यावीच लागली, विद्यार्थी जन्मभर पिशव्या दाबीत बसू शकत नाहीत.

दुसरी कथा मिशिगन राज्यातील. गळ्याजवळच्या किंवा छातीतील मोठ्या शिरेत जी नळी घालतात तिच्यातून रक्तात जंतू शिरणे हा अतिदक्षता विभागातील जुना शाप. जॉन्स हॉपकिन्सचे डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी कोणतेही नवे औषध न आणता पाच साध्या गोष्टींची यादी केली. हात धुणे, रुग्णाला पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, जांघेतील शीर शक्यतो टाळणे, गरज संपताच नळी काढणे. यातील एकही गोष्ट कोणत्या डॉक्टरला ठाऊक नव्हती? बदल दुसरीकडे होता. डॉक्टर एखादी पायरी गाळत असेल तर परिचारिकेने त्याला तेथल्या तेथे थांबवायचे, आणि व्यवस्थापनाने परिचारिकेच्या पाठीशी उभे राहायचे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात शंभरहून अधिक अतिदक्षता विभागांची आकडेवारी आहे. नळी असलेल्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचे मध्यक प्रमाण २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आले. यादीचे कौतुक जगभर झाले. माझ्या मते खरे औषध परिचारिकेला मिळालेला थांबवण्याचा अधिकार हे होते, आणि यादी ही त्या अधिकाराची पुडी. आमच्या क्षेत्रात कालच रुजू झालेला अभियंताही नवी आवृत्ती लोकांपर्यंत जाण्यापूर्वी रोखू शकतो आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. कार्यालयात मी या प्रथेचा मोठा पुरस्कर्ता आहे.

आठव्या दिवशी, नोकरीचे जे होईल ते होवो म्हणून, मी निघालो. पोहोचलो तेव्हा बाबांना पालथे निजवले होते. फुप्फुसांची अवस्था फार बिघडली की रुग्णाला दिवसातील सोळा-सोळा तास पालथे ठेवतात. पाठीकडचा दबलेला भाग मोकळा होऊन तेथे हवा खेळते. फ्रान्स आणि स्पेनमधील अतिदक्षता विभागांत ४६६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या एका उपायाने २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले होते. श्वासाच्या मापाचेही तसेच. बाबांची उंची टेपने मोजून ठेवलेली होती, कारण व्हेंटिलेटरने प्रत्येक श्वासाला किती हवा द्यायची ते वजनावरून नव्हे, उंचीवरून ठरते. २००० सालच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत निम्म्या मापाचे लहान श्वास दिल्याने मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. जबरदस्ती कमी केली की आजारी फुप्फुस तगते.

पालथे करण्याचा तो विधी मी काचेतून एकदा पाहिला. पाच माणसे लागतात. डॉक्टर डोक्याशी, नळी हातात धरून. दोन्ही अंगांना सिस्टर, एक मामा आणि त्याच मावशी. ज्याच्या हातात नळी तो आकडे म्हणतो, एक, दोन, तीन, आणि पाचही जण एकाच क्षणी हलतात. एखाद्याने अर्धा क्षण घाई केली तर नळी निसटते आणि माणूस जातो. त्या तीन आकड्यांपुरता जिना नव्हता. मावशींनी मध्येच "थांबा, पिशवी अडकली" म्हटले तर डॉक्टर थांबले. मग बाबा वळले, सारे पांगले आणि जिना पुन्हा जागेवर आला.

भगवान बुद्धांच्या चरित्रातील प्रसंग अशा वेळी आठवणे आपल्यासारख्यांना स्वाभाविक आहे. अतिसाराने आजारी असलेला, स्वतःच्या मलमूत्रात पडलेला भिक्खू, आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून त्याला खाटेवर ठेवले. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग घेतला आहे. करुणेचे उदाहरण म्हणून आपण तो नेहमी ऐकतो. त्याच्या पुढचा भाग विनयपिटकात आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. तेथे चांगल्या शुश्रूषकाची लक्षणे दिली आहेत. त्याला औषध सिद्ध करता आले पाहिजे, रुग्णाला काय हितकर आणि काय अपायकारक हे कळले पाहिजे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र, लाळ आणि ओकारी उचलताना त्याला किळस वाटू नये, आणि रुग्णाच्या मनाला उभारी देता आली पाहिजे. आपल्या रुग्णालयांनी या एका माणसाचे चार तुकडे करून ते चार पायऱ्यांवर ठेवले आहेत. औषध एकाकडे, निर्णय दुसऱ्याकडे, मलमूत्र तिसऱ्याकडे. उभारी देण्याचे काम नेमके कोणाकडे आहे, हे मला त्या १९ दिवसांत कळले नाही. मलमूत्र उचलणारे हात तिकडे आजही बहुधा कोणत्या समाजाचे असतात, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

व्हेंटिलेटर निघाल्यावर बाबा तीन दिवस भ्रमात होते. भिंतीवर मुंग्या दिसत, एसटीच्या कार्यशाळेत जायला उशीर होतो आहे म्हणून उठू पाहत. अतिदक्षता विभागातील वृद्धांत हे वारंवार घडते, आणि त्याला वेड समजू नये. बाबांचा चष्मा आणि कानाचे यंत्र पहिल्या दिवसापासून ताईच्या पिशवीत पडून होते. दाखल करताना काढून दिले, पुन्हा कोणी मागितले नाही. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याच्या डोक्यावर रात्रंदिवस दिवे जळतात आणि ज्याला वार कळत नाही, तो भ्रमेल नाही तर काय? चष्मा लावला, यंत्र बसवले, रोज सकाळी वार आणि तारीख सांगू लागलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ओळखले आणि विचारले, "तू कवा आलास? रजा भेटली का?"

दूर राहणाऱ्या मुलांविषयी अमेरिकेतील डॉक्टरांत एक थट्टेचे नाव आहे, कॅलिफोर्नियाची मुलगी. १९९१ मध्ये ते एका वैद्यकीय नियतकालिकात लेखाच्या शीर्षकातच आले. मरणोन्मुख आईजवळ वर्षानुवर्षे राहणारे घरचे लोक आणि डॉक्टर काही एक ठरवतात, आणि मग दूरच्या राज्यातून मुलगी उतरते आणि सगळ्यांना फैलावर घेते. कॅलिफोर्नियात म्हणे याच व्यक्तीला न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात. आपण सारे कोणाच्या तरी कॅलिफोर्नियाच्या मुली आहोत. अपराधी भावना, पैसा पाठवण्याची ऐपत आणि इंग्रजीतून डॉक्टरांशी बोलण्याची सवय, या तीन गोष्टी एकत्र आल्या की खाटेपाशी उभ्या असलेल्या बहिणीचा शब्द आपल्या शब्दापुढे आपोआप फिका पडतो. जिन्याची एक पायरी आपण सातासमुद्रांपलीकडून वाढवतो.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी, मला उशिरा सुचलेले काही प्रश्न. आकडा किती, हे विचाराच. पण त्याआधी तेथे असलेल्याला विचारा, कालच्यापेक्षा चेहरा कसा वाटतो? हाक मारल्यावर तितक्याच लवकर ओ देतात का? रात्रपाळीच्या सिस्टर काय म्हणाल्या? अंग पुसणाऱ्या मावशी काय म्हणाल्या? त्वचा गडद असेल आणि आकडा व माणूस यांचा मेळ बसत नसेल, तर धमनीतील रक्त तपासता येईल का, असे नम्रपणे विचारता येते. त्याने कोणाचा अपमान होत नाही. चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी कोणाच्या पिशवीत आहे हे पहिल्याच दिवशी शोधा. आणि जो तेथे उभा आहे त्याचा शब्द अखेरचा, हे आजारपण येण्यापूर्वीच भावंडांनी आपसांत ठरवून ठेवा. मी आणि ताईने ते आता ठरवले आहे. ठरवताना मला वाटले होते त्यापेक्षा जास्त जड गेले.

घरी जाण्याच्या दिवशी मी मावशींना शोधले. त्यांची पाळी बदलली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता जाऊन फाटकापाशी भेटलो. मी चौथ्या दिवसाच्या संध्याकाळची आठवण काढली. त्यांच्या ते लक्षात नव्हते. "मी तर रोजच काही ना काही सांगते, भाऊ," त्या म्हणाल्या. "कोणी ऐकते, कोणी नाही." मग त्यांनी बाबांच्या पाठीवर जखम तर झाली नाही ना, ते विचारले. मी सांगितले, नाही झाली. दर दोन तासांनी कूस बदलणाऱ्या त्यांच्या हातांनाच ते श्रेय होते, पण तेवढे बोलायला वेळ नव्हता, त्यांची हजेरीची वेळ झाली होती.

बाबा आता काठी घेऊन विहारापर्यंत जातात. पाय अजून थरथरतात, नावे विसरतात. अतिदक्षता विभागातून बाहेर आलेल्यांत हे महिनोन्‌महिने चालते. पुन्हा असा प्रसंग आला तर नळी घालायची की नाही, हा विषय त्यांनी गेल्या रविवारी फोनवर आपणहून काढला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. ताईने कागद मागवला आहे. तो भरताना काय काय बोलणे झाले, ते पुढील अंकात.